अनवाणी धावण्याची किंमत

पुण्यास नोकरीला असलेल्या आमच्या चिरंजिवांनी गेल्या महिन्यात माझ्यासाठी धावण्याचे बूट आणले. खोके उघडले तेव्हा आत बुटांऐवजी पायमोजे आहेत की काय, अशी शंका आली. तळ इतका पातळ की बूट गुंडाळून मुठीत मावावा. टाचेला उंचवटा नाही, आत मऊ गादी नाही. बोटांपाशी मात्र ऐसपैस रुंदी. "बाबा, हे अनवाणी धावण्याचे बूट," तो म्हणाला. किंमत साडेपाच हजार रुपये. अनवाणी धावण्यास साडेपाच हजार रुपये पडतात, हे ज्ञान मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी झाले.

थट्टा करणे सोपे आहे. मीही दोन दिवस केली. परंतु या बुटांमागे एक विचार आहे, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. १९७० नंतर अमेरिकेत धावण्याची हौस पसरली आणि तिच्याबरोबर बुटांची टाचही वाढत गेली. नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच चवड्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असते. खाली गादी असल्याने माणूस बेलाशक टाचेवर आदळत धावतो. २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल यांनी मेक्सिकोतील ताराहुमारा जमातीवर पुस्तक लिहिले. टायरचे तुकडे कापून केलेल्या पातळ वहाणा घालून ही माणसे डोंगरदऱ्यांतून मैलोन् मैल धावतात. (अशा वहाणा आपल्या बाजारातही काही नवख्या नाहीत.) पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्यांना लहानपणापासून अनवाणी धावण्याची सवय आहे ती माणसे बहुधा चवड्यावर उतरतात आणि जमिनीचा पहिला दणका त्यांना कमी बसतो. एवढ्यावरून अनवाणी धावणाऱ्याला दुखापत होत नाही असे सिद्ध होत नव्हते. बाजाराला तितका धीर नव्हता.

मी शाळेच्या मैदानावर पहाटे हे बूट घालून उतरलो. पहिल्या पंधरा-वीस पावलांतच टाचेचा दणका थेट मस्तकापर्यंत पोचला. मग कोणी न सांगता पावले आखूड झाली, गुडघे किंचित वाकले, अंगाचा भार चवड्यावर आला. मुरमाचा प्रत्येक खडा कळू लागला. दवाने भिजलेली माती कोठे आहे आणि कोरडी कोठे, हे डोळ्यांआधी पायांना समजले. पस्तीस वर्षे मी त्या मैदानावर उभा आहे. पण त्याची अशी ओळख मला नव्हती. दहा मिनिटांनी थांबलो तेव्हा, खोटे कशाला बोला, पोरासारखा आनंद झाला होता.

त्या आनंदाने घात केला. दुसऱ्याच दिवशी हौसेने यवतेश्वरचा घाट निम्मा चढून आलो. तिसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि टाचेमागची शीर ठणकत होती. डॉक्टरांनी कारण सांगितले ते साधे होते. आयुष्यभर उंच टाचेच्या बुटांत वावरलेल्या पायाची ही शीर आखूडलेली असते; गादीने उचललेला भार एकाएकी तिच्यावर आणि पोटरीवर पडतो. माझा मूर्खपणा एकट्याचा नव्हता, एवढेच समाधान. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दहा आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या धावपटूंपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत सूज दिसून आली होती. बोटे सुटी असलेले बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर, आरोग्यलाभाचे दावे निराधार आहेत, असा ग्राहकांनी खटला भरला. दोष मान्य न करता २०१४ साली कंपनीने साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली.

पंधरा दिवस सक्तीने घरी बसल्यावर मला जे आठवले, ते सांगण्यासाठीच खरे तर हा लेख आहे.

वीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या वार्षिक शर्यतींत पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे होते. आजही आहेत. चारशे मीटरच्या रांगेत सातवीतला एक मुलगा अनवाणी उभा होता. वाडीवरून रोज पायी येणारा, वर्गात मागे बसणारा. मी त्याला रांगेबाहेर काढले. तो म्हणाला, "सर, मला बुटात पळता येत नाही." ऐपत झाकण्यासाठी पोरे सबबी सांगतात, त्यांपैकीच ही एक, असे मी समजलो. शर्यत संपेपर्यंत तो कुंपणाशी उभा होता. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी पुढे सांगितले त्याच्या जवळपासचेच काही तो सांगत होता, हे मला साडेपाच हजारांचे बूट घातल्यावर कळले.

आणि याच शाळेत मी मुलांना आबेबे बिकिला शिकवीत होतो. १९६० साली रोमच्या रस्त्यांवर अनवाणी धावून या इथिओपियन सैनिकाने मॅरेथॉन जिंकली, हे सांगताना माझा आवाज चढत असे. दोराबजी टाटांनी १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांच्या अनवाणी पोरांना धावताना पाहिले आणि पुढल्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, हेही मी सांगत असे. दूरच्या अनवाणी पायांचा गौरव आणि समोरच्या अनवाणी पायांना शिक्षा, यांतील विसंगती माझ्या ध्यानात आली नाही.

मात्र याचे उलट टोकही मला मान्य नाही. गरिबाचे अनवाणीपण ही निसर्गाची देणगी आहे, असे आता कोणी सांगू लागेल. ते ढोंग होय. ज्या समाजात अस्पृश्य मानलेल्या माणसांना सवर्णांच्या वस्तीतून जाताना पायांतील वहाणा हाती घ्याव्या लागत, तेथे पायतण ही केवळ पाय झाकण्याची वस्तू नाही. अनवाणी पायांतून अंकुशकृमी शिरतो आणि मुलांचे रक्त शोषतो, हे आरोग्याच्या पुस्तकात आपणच शिकवतो. २०१३ साली बारामतीत साठी उलटलेल्या लता भगवान करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिल्या आल्या, त्या काही सिद्धांत सिद्ध करावयास नव्हे. पतीच्या उपचारांसाठी त्यांना पैसे हवे होते. बिकिलाने १९६४ साली टोकियोत पुन्हा मॅरेथॉन जिंकली ती बूट घालून, आणि रोमपेक्षा तीन मिनिटे कमी वेळात. कपाटात बूट असताना ते न घालणे आणि कपाटच नसणे, या दोन गोष्टी एका शब्दाने सांगता येतात, हा भाषेचा दोष.

माझी मागणी लहान आहे. शालेय शर्यतींत बुटांची सक्ती नसावी आणि बुटांची बंदीही नसावी. ज्याला बूट हवेत आणि परवडत नाहीत, त्याला शाळेने द्यावेत. ते जाड गादीचे, महागडे असण्याचे काही कारण नाही, सपाट तळाचा साधा कॅनव्हास पुरतो. ज्याला अनवाणी धावायचे आहे, त्याच्यासाठी मैदान साफ ठेवावे. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. आमच्या मैदानावर शनिवारी रात्री कोण बसते आणि रविवारी सकाळी काचा कोठे सापडतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

येत्या डिसेंबरच्या स्पर्धा माझ्या नोकरीतील शेवटच्या. नियमपत्रकातील बुटांचे कलम काढावे, असा अर्ज मी मुख्याध्यापकांना दिला आहे. "पायात काच गेली तर जबाबदारी कोणाची?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आता एक दिवसाआड पहाटे दहा मिनिटे, त्याहून अधिक नाही, मी ते पातळ बूट घालून धावतो. आणि धावून झाल्यावर घमेले घेऊन मैदानाच्या कडेने काचा आणि बाभळीचे काटे वेचतो. कालपासून नववीतली दोन मुले मदतीला येऊ लागली आहेत. अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही.