धबधबा हवा, कुंड नको

शाळेच्या दर्शनी अंगणात, फाटकातून आत येताच डाव्या हाताला, एक छोटा धबधबा बांधावा असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला आहे. सूचनाफलकावरचा नकाशा पालकांनी पाहिलाच असेल. पाच फूट उंच दगडी भिंत, तिच्यावरून पडणारे पाणी, खाली दोन फूट खोल कुंड, त्यात रंगीत मासे आणि सभोवती लोखंडी कठडा. दात्यांचा हेतू उत्तम आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तरीही या नकाशाला आमचा विरोध आहे. धबधब्याला नव्हे, कुंडाला.

इंदूरच्या मुलांना धबधबा म्हणजे महूजवळचे पातालपाणी. पावसाळी सहलीला आम्ही त्यांना तिथे नेतो आणि सारा वेळ ‘मागे व्हा’ म्हणून ओरडत असतो. 2011 च्या जुलैत तिथे अचानक लोंढा येऊन माणसे वाहून गेली, तेव्हापासून तर अधिकच. तिथे ते योग्यच आहे. पण अंगणातल्या धबधब्यालाही कठडा घालून हेच ओरडायचे असेल, तर तो बांधायचा कशाला? शिवाय कठडा दिसला की त्यावर चढायचे, हा आमच्या विद्यार्थ्यांचा जुना परिपाठ आहे.

दोन फूट पाणी मोठ्यांच्या गुडघ्यापर्यंत येते, म्हणून कोणाला भीती वाटत नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते वाकून पाहताना तोंडावर पडते आणि त्याला स्वतःला सावरता येत नाही. काही इंच पाणीही त्याला पुरे होते, आणि बहुधा आवाजसुद्धा होत नाही.

मग पाणी साठवायचे कुठे? जमिनीखाली. तीनचारशे लिटरची टाकी पुरावी, तिच्या तोंडावर बोल्टने घट्ट बसवलेली लोखंडी जाळी, आणि जाळीवर नारळाएवढे गोल दगड. मुलांना उचलता येणार नाहीत आणि फेकताही येणार नाहीत, इतके मोठे. पडणारे पाणी दगडांतून थेट टाकीत जाते, पंप ते पुन्हा वर चढवतो. वर डबके राहतच नाही. भिंत अडीच फुटांपेक्षा उंच नको. सहा इंच रुंदीची धार पुष्कळ झाली, तिला ताशी दोन-अडीच हजार लिटर फेकणारा पंप लागतो. तो 24 व्होल्टचा असावा, त्याचा ट्रान्सफॉर्मर कोरड्या खोलीत ठेवावा आणि जोडणीवर 30 मिलिअँपिअरला तुटणारा अर्थ-लीकेज ब्रेकर हवाच. इथे काटकसर नको.

खरी अडचण पुढे आहे. ज्या पाण्यात मुले हात घालतील ते काही जण तोंडातही घालतील. म्हणून दर शनिवारी टाकी रिकामी करून घासली पाहिजे. डासांची अंडी घालण्यापासून डास उडेपर्यंतची सारी घडामोड आठ-दहा दिवसांत उरकते, तिलाही यामुळे आळा बसेल. मात्र जाळी उघडायची ती शाळा सुटून फाटक बंद झाल्यावरच. झाकण उघडे ठेवून चहाला जाणे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे.

इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर चालून, घाट चढून येते. ते मोरीत सोडणे शोभत नाही. शनिवारचे पाणी झाडांना घालावे, पावसाळ्यात टाकी छपराच्या पाण्याने भरावी. धार दिवसभर न चालवता मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना सोडावी. मे महिन्यात सारे कोरडे.

मासे राहणार नाहीत याचे बालमंदिराला वाईट वाटेल. दात्यांच्या नावाची पाटी मात्र भिंतीवर खुशाल लागावी.

निर्णयापूर्वी विश्वस्तांनी एक दिवस बालमंदिर सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहावे, आणि आयांचा हात सोडून धाकटी भावंडे किती वेळा अंगणात पळतात, ते मोजावे.