डोंगर पेटवण्याचा हक्क कोणाचाच नाही

फेब्रुवारी सरत आला की सह्याद्रीच्या उतारांवर रात्री आगीच्या माळा दिसू लागतात. भोर, मुळशी, वाई, जावळीपासून खाली चिपळूण, संगमेश्वरापर्यंत हे दरवर्षी घडते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वनखाते वणव्याचा हंगाम मानते. या चार महिन्यांत जंगलात आणि जंगलालगत विस्तव नेण्या-पेटवण्यावर निर्बंध असतात आणि दरवर्षी गावोगावी त्यांविरुद्ध तेच आक्षेप ऐकू येतात. हे आक्षेप अडाणीपणाचे म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. त्यांच्यामागे अनुभव आहे, जुना राग आहे आणि काही ठिकाणी खरा अन्यायही आहे. म्हणून एकेका आक्षेपाचा नीट विचार करू. माझे मत आधीच सांगतो: आगीवरचा निर्बंध योग्यच आहे, पण तो गावाने आपला मानला तरच टिकेल.

पहिला आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: डोंगर जाळला नाही तर गवत चांगले येत नाही. यात अर्धे सत्य आहे. जुने वाळलेले काड गेले की गवताच्या बुडख्याला ऊन लागते आणि राखेतून थोडे पालाश मिळते, हे खरे. पण आपल्याकडे डोंगर पेटतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पाऊस येतो जूनमध्ये. मधल्या तीन महिन्यांत उन्हाळी वारे राख उडवून नेतात. उरलेली राख पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्याला लागते आणि उघड्या पडलेल्या उतारावरची मातीही तिच्यासोबत जाते. गवतातले बहुतेक नत्र तर जळतानाच धुरावाटे निघून गेलेले असते. जूनमध्ये जळका डोंगर आधी हिरवा दिसतो, कारण काळ्या जमिनीवर कोवळे पाते लगेच नजरेत भरते. शेजारच्या न जळलेल्या उतारावरही कोंब फुटलेले असतात, पण जुन्या काडाआड ते दिसत नाहीत. काड काढायचेच असेल तर पावसाळा संपताच गवत कापावे. बुडखा मोकळा होतो आणि वैरणीचे भारे घरी येतात. ज्या गवताची गंजी रचता आली असती, ते पेटवून देऊन उन्हाळ्यात पेंढी विकत घ्यायची, याला चांगला व्यवहार कसे म्हणायचे?

यापेक्षाही गंभीर गोष्ट गवताच्या जातीची आहे. वरचेवर आग लागणाऱ्या माळावर पवन्या, मारवेल यांसारखी जनावरे आवडीने खातात ती गवते हटत जातात आणि कुसळी वाढते. कुसळीचे बी पिळदार शेपटीच्या जोरावर स्वतःला जमिनीत रुतवून घेते, म्हणून ते आगीतून वाचते. हीच कुसळी पक्व झाली की तिची कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात आणि मेंढ्यांच्या लोकरीत अडकून कातडीपर्यंत पोहोचतात. चाऱ्यासाठी डोंगर जाळणारा माणूस अशा रीतीने वर्षागणिक आपलाच चारा निकस करत असतो.

दुसरा आक्षेप परंपरेचा आहे. बापजाद्यांपासून आम्ही भाजणी करतो, भाताच्या रोपांसाठी राब भाजतो. साहेबाने कायदा केला आणि आम्हाला गुन्हेगार ठरवले. या आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. १८७८च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या टहाळावरून एवढा असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला. भातशेती करणाऱ्याच्या गरजेला कायद्याने तेव्हा नीट जागा दिली नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र राब आणि वणवा यांची सांगड घालणे हा राबावरच अन्याय आहे. राब भाजणारा शेतकरी ठरावीक जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवत थरांनी रचतो, वर माती पसरतो, वारा पडलेली वेळ बघतो आणि विस्तव निवेपर्यंत तिथून हलत नाही. त्याची आग शेताच्या बांधाआत राहते. वणवा लावणारा काडी टाकून निघून जातो. पहिल्या कामात शिस्त आहे, दुसऱ्यात बेपर्वाई. परंपरेचे नाव घ्यायचे तर त्या शिस्तीसाठी घ्यावे. शिवाय राबालाही आज पर्याय आहेत. शेणखत घालून केलेल्या गादीवाफ्यावर रोपे उत्तम होतात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा भात तंत्रात तर रोपवाटिका, चिखलणी आणि लावणी यांपैकी काहीच करावे लागत नाही. हे पर्याय प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचेस्तोवर राब भाजणाऱ्याला चोरासारखे वागवू नये. त्याला दिवस आणि वेळ ठरवून रीतसर मुभा द्यावी.

तिसरा आक्षेप मालकीचा: जमीन माझ्या सातबाऱ्यावर आहे, तिथले गवत मी जाळीन नाहीतर ठेवीन. जमीन तुमची, हे कबूल. पण आग बांध ओळखत नाही. कोकणात बहुतांश डोंगर खाजगी मालकीचे आहेत. तिथे एकाच्या वरकस जमिनीतली आग शेजारच्या आंबा-काजूच्या बागेत शिरते, तेव्हा झाडांवर मोहोर किंवा फळ असते. हापूसचे कलम चांगले धरू लागायला वर्षे लागतात आणि ते होरपळायला काही मिनिटे पुरतात. बागायतदार बेणणी करतो, बागेभोवतीचे गवत काढतो, पण वाऱ्यावर आलेली ठिणगी त्याच्या हातात नसते. कायदाही हेच सांगतो. भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६नुसार राखीव जंगलाला आग लावणे हा गुन्हा आहेच. जंगलाला धोका पोहोचेल अशा रीतीने नियम मोडून आग पेटवणे किंवा ती पेटती सोडून जाणे हाही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७मध्ये आगीबाबतच्या ज्या निष्काळजीपणाने माणसांच्या जिवाला धोका होतो, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मालकीला मर्यादा असते आणि ती शेजाऱ्याच्या बांधापाशी सुरू होते.

चौथा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो: वणवे आपोआप लागतात, बांबूवर बांबू घासतो, नियमांनी काय होणार? सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये विजा क्वचितच पडतात. वळवाच्या विजा येतात त्या एप्रिल-मेमध्ये आणि बहुधा पाऊस घेऊनच. आपल्याकडचे जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात: कोणी गवतासाठी लावतो, कोणी शिकारीसाठी, कोणी मोहाची फुले वेचायला झाडाखालची जमीन साफ व्हावी म्हणून, तर कोणाच्या हातून विडी तशीच पडते. माणसाच्या हातून होणारी गोष्ट माणसांच्या नियमाने थांबू शकते. त्या आगीत टिटवी आणि रातव्याची जमिनीवरची अंडी जातात, पळता न येणारी कासवे जातात, पावसाळ्यात लावलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात जातात. वृक्षलागवडीवर खर्च करायचा आणि वणव्याकडे काणाडोळा करायचा, या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत.

पाचवा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: नियम कागदावर राहतात, खाते अपुरे पडते आणि सापडतो तो गरीब गुराखी. हे मला बऱ्याच अंशी पटते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४पासून उपग्रहाच्या साहाय्याने आगीच्या सूचना देते. पण सूचना मिळाल्यावर दोन तास चढून ओल्या फांद्यांनी आग झोडपणारी माणसे कुठून आणायची? त्यातच वन अधिनियमाच्या कलम २६मध्ये आणखी एक तरतूद आहे. राखीव जंगलात जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणे आग लागली, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. एकाच्या काडीची शिक्षा साऱ्या गावाला दिली तर गाव आग विझवायला धावणार नाही, तोंड फिरवील. ही तरतूद वापरण्याच्या मी विरोधात आहे.

पण नियम नीट राबत नाही, एवढ्यावरून नियमच नको असे ठरत नाही. तो राबवण्याची जबाबदारी कोणावर असावी, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने दिले आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटावी लागतात आणि जंगलाला आग लावावी लागते. हक्काचे रोख उत्पन्न त्यांनी सोडले आणि बांबूवर भर दिला. हा निर्णय कोणी वरून लादलेला नव्हता. २००६च्या वनहक्क कायद्यातले कलम ५ हक्कधारकांना आणि ग्रामसभेला वने आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार देते. पाचगावने तो वापरला.

तेव्हा प्रत्येक डोंगराळ गावाने २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वणव्याचा ठराव करावा. डोंगराच्या माथ्यावर आणि शिवेवर जाळरेषा कुठे काढायच्या हे नकाशावर ठरवावे, त्या १५ फेब्रुवारीच्या आत पुऱ्या कराव्यात आणि त्या कामाची मजुरी गावातल्याच लोकांना मिळावी. गवत कापण्याच्या पाळ्या लावाव्यात. राब भाजायचा असेल त्याने आधी सांगावे, वारा पडलेल्या वेळी भाजावा आणि शेजाऱ्याला सोबत घ्यावे. आग दिसताच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि विझवायला जाणाऱ्यांची नावे आधीच ठरवून ठेवावीत. वनखात्याने या बदल्यात अवजारे द्यावीत, विझवताना जखमी होणाऱ्याच्या उपचाराची हमी घ्यावी आणि वर्षभर डोंगर न जळलेल्या गावाला गवत आणि वनोपजाच्या वाट्यात प्राधान्य द्यावे. आग विझवायला मदत करणे हे वन अधिनियमाच्या कलम ७९नुसार जंगलाचे हक्क उपभोगणाऱ्यांचे कर्तव्य आहेच; त्याला मोबदल्याची आणि मानाची जोड मिळाली, तर ते मनापासून पाळले जाईल.

डोंगर गावाचा आहे, हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच तो राखण्याचा नियम गावाने करावा आणि तो मोडणाऱ्याला गावानेच जाब विचारावा.