विश्लेषण : मालकांगणीच्या तेलाने नैराश्य जाते का? उंदरांवरची चाचणी काय सांगते?

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) परिसरातल्या जंगलात मालकांगणीची वेल झाडांवर चढलेली दिसते. पिवळी फळे उकलली की आत केशरी-लाल आवरणातल्या बिया दिसतात. त्यांचे तेल सांधेदुखीवर चोळतात. आयुर्वेदात हीच ज्योतिष्मती, बुद्धी आणि स्मरणशक्तीसाठी सांगितलेली. समाजमाध्यमांवर मात्र आता तिला ‘डिप्रेशनवर रामबाण’ही म्हटले जाते. या दाव्यामागे संशोधन अजिबात नाही, असे नाही. पण ते कुठवर आले आहे?

चाचणी कशी झाली?

हिसारच्या गुरू जंभेश्वर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये या तेलाचा उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांत उंदराला पाण्याच्या भांड्यात सोडतात किंवा सहा मिनिटे शेपटीने उलटे टांगतात. आधी तो धडपडतो, मग निश्चल होतो. हा निश्चल राहण्याचा वेळ औषधामुळे कमी झाला, तर त्यात नैराश्यरोधक गुण असावा असे मानतात. मालकांगणीच्या तेलाने तो कमी झाला.

अडचण पुढे आहे. पाण्यात स्थिर तरंगणारा उंदीर खचलेला असतो की ताकद वाचवत असतो, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. अपराधी वाटणे, जगणे नकोसे होणे या गोष्टी उंदरात मोजता येत नाहीत. शिवाय माती, हंगाम आणि अर्क काढण्याची पद्धत बदलली की त्यातले घटकही बदलू शकतात. त्यामुळे प्रयोगशाळेतले तेल आणि बाजारातल्या बाटलीतले तेल एकच असेल, याची खात्री नसते.

वनस्पती म्हणजे निर्धोक?

सर्पगंधेचे उदाहरण बोलके आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. पुढे तिच्यातून मिळालेले रेसरपीन जगभर वापरले गेले आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. हा संबंध किती खरा, यावर आज मतभेद आहेत. तरी नैराश्यावरची औषधे तपासताना उंदरांत तशी लक्षणे आणण्यासाठी रेसरपीनच वापरतात!

युरोपातल्या सेंट जॉन्स वर्टच्या माणसांवरील २९ चाचण्यांचा आढावा २००८ मध्ये आला. निष्कर्ष अनुकूल होता. मात्र अमेरिकेतील ३४० रुग्णांच्या २००२ मधील चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. (त्या चाचणीत नेहमीचे औषधही सरस ठरले नाही, हेही सांगायला हवे.) ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत घेतल्यास धोकाही होतो.

मालकांगणीला हा टप्पा गाठायचा तर आधी मात्रा आणि सुरक्षितता ठरवावी लागेल, मग माणसांवर तुलनात्मक चाचण्या. तोवर पोस्ट वाचून डॉक्टरांच्या गोळ्या अचानक बंद करू नयेत. तेल पोटात घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे. मानसिक मदतीसाठी सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे.