दुखणे मुलाचे, सांगणे आईचे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा सर्दी-पडसे, दात येणे, भूक न लागणे आणि अभ्यासात लक्ष नसणे यांचाच भरणा असतो. त्यांना उत्तरे देताना थोडी थट्टा केली तरी चालते. पण मध्यंतरी नाशिकच्या एका भगिनींचे पत्र आले आणि थट्टा जागच्या जागी राहिली. त्या लिहितात, “माझ्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर झाला आहे. उपचार मुंबईला चालू आहेत. दर खेपेला डॉक्टर विचारतात, ‘कसा आहे?’ आणि आम्ही सांगतो, ‘ठीक आहे.’ गाडीत बसल्यावर वाटते, ठीक आहे म्हणजे काय? आम्ही नेमके काय पाहावे आणि काय सांगावे?”

दिवाळी अंकात हा विषय घ्यावा की नाही, असा विचार मनात आला. पण ज्या घरात असे मूल आहे, त्या घरीही दिवाळी येतेच. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांच्या नात्यात किंवा शेजारी असू शकते. तेव्हा फराळाचे ताट बाजूला ठेवून दहा मिनिटे हे वाचावे, अशी विनंती.

प्रथम धीराची गोष्ट सांगतो. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या सोळा मुलांवर अमिनोप्टेरिन नावाचे औषध वापरले आणि त्यांतल्या दहांना काही काळ उतार पडला, तेव्हा जगाला तो चमत्कार वाटला. ते औषध तयार करणाऱ्या संशोधकांचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आज मुलांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, जिथे उपचार वेळेवर आणि पुरे होतात तिथे, बहुसंख्य मुले बरी होतात. मात्र हे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, आणि त्यांतला मोठा काळ मूल इस्पितळात नसून घरी असते. रक्तात पांढऱ्या पेशी किती, हे डॉक्टर तपासणीच्या कागदावरून सांगतील. पण काल रात्री मुलाचे तोंड भाजल्यासारखे होत होते, हे कुठल्याही कागदावर उमटत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते.

आता सांगते कोण? आई. मी मुलांचा डॉक्टर. इतकी वर्षे पाहतो आहे, प्रश्न मुलाला विचारला की उत्तर आईकडून येते. त्यात आईचा दोष नाही. तिच्याइतके त्या मुलाकडे कोणी पाहिलेलेच नसते. परंतु पाहून जे कळते तेवढेच ती सांगू शकते. उलटी दिसते, मळमळ दिसत नाही. पाय लंगडताना दिसतो, पायाला येणाऱ्या मुंग्या दिसत नाहीत. ताट तसेच राहिलेले दिसते. पण भूक नाही, की घास कडू लागतो, की गिळताना दुखते, हे त्या ताटावरून कसे कळावे? तीन निरनिराळी कारणे, आणि तिघांचे उपाय निरनिराळे.

शिवाय मुले लपवतात. अमेरिकेतील मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एका इस्पितळात रक्ताच्या कॅन्सरच्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांत महिनोन् महिने वावरून १९७८ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते असे, की मोठ्यांनी काहीही सांगितले नसले तरी मुलांना आपल्या आजाराचे पुष्कळ कळलेले असते. पण आईवडिलांना वाईट वाटू नये म्हणून ती काही न कळल्याचा बहाणा करतात. मोठी माणसे मुलांसाठी नाटक करतात आणि मुले मोठ्यांसाठी! आपल्या घरांत तर ‘शहाणं बाळ रडत नाही’ हे वाक्य जन्मापासून कानावर पडलेले असते. अशा शहाण्या बाळाकडून खरे उत्तर काढून घ्यायला थोडी युक्ती लागते.

या युक्त्या जगभरच्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी शोधून ठेवल्या आहेत. अमेरिकेत टल्सा येथे डॉना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी १९८०च्या सुमारास मुलांपुढे कोरी वर्तुळे ठेवून दुखण्याचे चेहरे त्यांच्याकडूनच काढवून घेतले. त्यांतून सहा चेहऱ्यांची पट्टी तयार झाली. पहिला हसरा, शेवटचा डोळ्यांतून पाणी काढणारा. मुलाने आपला चेहरा बोटाने दाखवायचा. ही पट्टी आज अनेक इस्पितळांच्या भिंतींवर दिसते.

पण तिलाही एक मर्यादा आहे. एक सात वर्षांचा मुलगा दर वेळी हसऱ्या चेहऱ्यावरच बोट ठेवी. एकदा आई औषध आणायला गेली असताना मी विचारले, “काय रे, खरंच काही दुखत नाही?” तो म्हणाला, “डॉक्टरकाका, कंबर दुखते. पण आई बघत होती ना!” हसू आणि रडू यांचा संबंध दुखण्याशी असतो तसा मनाशीही असतो. म्हणून २००१ साली दुसरी एक पट्टी सुधारून आली. तिच्यात हसूही नाही आणि अश्रूही नाहीत, नुसत्या दुखण्याच्या मुद्रा आहेत. तुमच्या इस्पितळात कोणतीही पट्टी असो. ती दाखवताना ‘तुझा चेहरा कसा आहे’ असे न विचारता ‘तुला किती दुखतंय’ असे विचारावे, आणि निदान एकदा तरी मुलाला एकट्याने उत्तर देऊ द्यावे.

अगदी लहान मूल असेल तर पट्टीचा उपयोग नाही. त्याच्या बाबतीत पाच गोष्टी पाहाव्यात: चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ही रीत परिचारिका वापरतात; पण घरीही एवढे ध्यानात ठेवावे, की कडेवर घेतल्यावर नेहमी शांत होणारे मूल आज शांत होत नसेल, पाय पोटाशी घेत असेल, तर तो हट्ट नव्हे. आणि दुखणारे मूल रडतेच असेही नाही. कधी ते नुसते गप्प पडून राहते, आणि घरचे म्हणतात, ‘आज किती गुणी झालंय!’

मात्र दुखणे हा एकच त्रास नव्हे. टोरँटोच्या मुलांच्या इस्पितळातील डॉ. लिलियन सुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार घेणाऱ्या मुलांसाठी पंधरा त्रासांची यादी तयार केली. आठ वर्षांवरील मुलाने ती स्वतः भरायची. मौज अशी की तिची सुरुवात मनापासून होते: उदास वाटणे, भीती वाटणे, चिडचिड होणे. मग विसरायला होणे, चेहरा-शरीर बदलणे, थकवा, तोंड येणे, डोके दुखणे, इतर दुखणे, हातापायांना मुंग्या, मळमळ व उलटी, भूक कमी-जास्त होणे, चव बदलणे, बद्धकोष्ठ आणि जुलाब. प्रश्न ‘किती वेळा झाले’ असा नसतो. ‘काल आणि आज याने तुला किती सतावले’ असा असतो, आणि उत्तर शून्यापासून चारपर्यंत द्यायचे. हा फरक बारीक दिसतो, पण महत्त्वाचा आहे. दोन उलट्यांचे एखाद्या मुलाला काही वाटत नाही, आणि केस गेल्यामुळे गॅलरीत उभे राहवत नाही हे त्याला चार गुणांचे दुःख असते. कोणता त्रास मोठा, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा.

यांतले काही त्रास औषधांच्या ओळखीने लवकर उमगतात. आपल्या कुंडीतली सदाफुली पाहा. हिच्यापासून विन्क्रिस्टिन हे इंजेक्शन निघते. १९६३पासून ते मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरात आहे. (म्हणून कोणी तिची पाने उकळून पाजू नयेत, ती विषारी आहेत.) हे औषध नसांवर परिणाम करते. इंजेक्शननंतर जबडा दुखतो, शौचाला होत नाही, पायांना मुंग्या येतात. मूल चालताना अडखळू लागले, जिना चढताना पाऊल घासू लागले किंवा पायातली चप्पल वारंवार निसटू लागली, तर त्याला ‘नीट चाल’ म्हणून रागावू नका. ते डॉक्टरांना सांगा. वेळेवर कळले तर त्यांना औषधाच्या मात्रेचा विचार करता येतो. आणि बद्धकोष्ठावर त्यांना न विचारता एरंडेल पाजू नये, एनिमाही देऊ नये.

स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना मूल रात्री तीन वाजता बटाटेवडा मागते, चेहरा गोल होतो, आणि कालपर्यंतचा गोड मुलगा ताट भिरकावतो. आजी म्हणतात, लाडावला. लाडावला नव्हे, हे गोळीचे काम. गोळ्या थांबल्या की बहुधा हा स्वभावही परत जातो. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी तोंड येते. अशा वेळी चिवडा-चकली त्याच्यापुढे नाचवू नये. गार केलेला मऊ दहीभात त्याला गोड लागेल. मात्र दही चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता एक लक्षण असे आहे की जे लिहून ठेवायचे नाही, मोजायचे नाही, ताबडतोब उठायचे. ते म्हणजे ताप. औषधांनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी फार खाली जातात. मग जंतू शिरले तरी पू होत नाही, सूज येत नाही; ताप हीच काय ती हाक असते. थर्मामीटर १००.४ अंश दाखवील, किंवा तुमच्या इस्पितळाने जो आकडा लिहून दिला असेल तो, की लगेच फोन करावा आणि निघावे. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. गोळीने आकडा उतरतो, जंतू उतरत नाहीत. थर्मामीटर गुदद्वारात लावू नये. आणि ताप नसूनही मूल थंड पडले, ग्लानीत गेले, तरी तीच घाई करावी. स्टिरॉइडमुळे ताप कधी दबतो. लक्ष्मीपूजन आटोपून निघू, पाडव्याला डॉक्टर भेटणार नाहीत, असे विचार मनातही आणू नयेत. इस्पितळाला दिवाळीची सुट्टी नसते. सणाआधीच रात्रीचा फोन नंबर विचारून घ्यावा आणि एक पिशवी भरून ठेवावी.

बाकीच्या लक्षणांसाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरे. दूधवाल्याचे खाडे आपण जिथे मांडतो, तिथेच रोज संध्याकाळी एक ओळ लिहावी. मुलाला विचारावे, “आज सगळ्यांत जास्त कशानं सतावलं? शून्य ते चारमध्ये किती?” ‘दुखत नाही ना?’ असे कधी विचारू नये; त्या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर भरलेले असते. लिहिता येत असेल तर आकडा त्यालाच लिहू द्यावा. आईचे मत निराळे असेल तर तेही शेजारी लिहावे; दोन्ही खरे असतात. तपासणीला जाताना ते पान मोबाईलवर टिपून न्यावे. ‘ठीक आहे’ या दोन शब्दांपेक्षा डॉक्टरांना त्या पानाचा शतपट उपयोग होतो.

आणि एक पथ्य पाळावे. विचारले तर काही करावे. २०२४ साली अमेरिकेतील वीस केंद्रांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे काही मुलांना ती पंधरा त्रासांची यादी आठवड्यातून तीनदा भरायला दिली, उत्तरे उपचार करणाऱ्यांकडे पोचवली, आणि कोणत्या त्रासावर काय करायचे हेही त्यांच्या हाती दिले. आठ आठवड्यांत त्या मुलांचे त्रास इतरांपेक्षा कमी झाले. मूल एकदा खरे सांगते, दोनदा सांगते. सांगून काही होत नाही असे दिसले की तिसऱ्यांदा ‘ठीक आहे’ म्हणायला शिकते.

म्हणून या दिवाळीत अशा मुलाला भेटायला गेलात, तर ‘किती वाळलास रे!’ म्हणू नका आणि आईच्या तोंडाकडेही पाहू नका. त्याच्याशेजारी बसा, त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. थोडा वेळ लागतो, पण ते उत्तर दुसरे कोणी देऊ शकत नाही.