दोन डिस्कच्या संगणकात व्हर्च्युअल मेमरी कुठे ठेवावी?

संगणक चार-पाच वर्षांचा झाला आणि रेंगाळू लागला, की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणते, ‘व्हर्च्युअल मेमरी वाढवा’. कोणी म्हणते, ‘बंदच करून टाका, एसएसडी झिजते’. तिसरा सांगतो, ‘सी ड्राइव्हवरून डीवर हलवा’. हे तिन्ही सल्ले अर्धवट आहेत आणि त्यांची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते. कधी ऐन हिशेबाच्या वेळी प्रोग्रॅम बंद पडतो, तर कधी धडधाकट संगणक भंगारात जातो.

संगणकाची रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा भरला, की लगेच न लागणारे डबे आपण फडताळात ठेवतो आणि गरज पडली की काढतो. विंडोजही तेच करते. रॅममधली काही काळ न वापरलेली माहिती ती डिस्कवरच्या ‘पेजिंग फाइल’मध्ये ठेवते. ही कल्पना जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने घडवलेल्या आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅटलस’ संगणकात ती प्रत्यक्षात आली. त्याच्या मुख्य स्मृतीत जेमतेम १६ हजार संगणकीय शब्द मावत, तर फिरत्या चुंबकीय ड्रमवर ९६ हजार. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असे भासे.

सोय झाली, पण वेगातला फरक राहिला. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, साध्या एसएसडीला सुमारे १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद. रॅमचा वेळ एक सेकंद मानला, तर एसएसडीला १७ मिनिटे लागतील आणि हार्ड डिस्कला २७ तासांहून अधिक! म्हणून पेजिंग फाइल किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे, हे अधिक महत्त्वाचे.

‘दुसऱ्या डिस्कवर हलवा’ हा सल्ला हार्ड डिस्कच्या काळात योग्यच होता. डिस्कचे वाचन-लेखन करणारे टोक एका वेळी एकाच जागी असू शकते. विंडोज एका डिस्कवर आणि पेजिंग फाइल दुसरीवर असेल, तर दोन टोके स्वतंत्रपणे काम करतात. आजही संगणकात दोन सारख्या वेगाच्या हार्ड डिस्क असतील आणि एसएसडी नसेल, तर हे करण्यात अर्थ आहे. पण आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडण्याची जुनी सवय आहे. ते कप्पे आहेत, वेगळ्या डिस्क नव्हेत. सीवरून त्याच डिस्कच्या डीवर फाइल नेली, तर टोकाची धावपळ उलट वाढू शकते.

म्हणून आधी खात्री करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा खऱ्या डिस्क दिसतात. कोणत्या डिस्कवर कोणती अक्षरे आहेत हे तिथेच कळते. नव्या आवृत्त्यांमध्ये ती एसएसडी आहे की हार्ड डिस्क, हेही लिहिलेले असते. विंडोज एसएसडीवर असेल, तर पेजिंग फाइल तिथेच राहू द्यावी आणि तिचा आकार विंडोजलाच ठरवू द्यावा. जागा वाचवण्यासाठी ती मोठ्या, पण संथ हार्ड डिस्कवर ढकलणे म्हणजे रोजचा मिठाचा डबा माळ्यावर ठेवणे. यूएसबीला जोडलेली डिस्क तर या कामाची नव्हेच.

एसएसडी झिजण्याची भीती अगदीच निराधार नाही, पण अवास्तव आहे. ५०० जीबीच्या अनेक एसएसडींवर ३०० टीबी लेखनाची हमी मिळते. रोज २० जीबी लिहिले, तरी तो आकडा गाठायला ४० वर्षे लागतील. या भीतीपोटी पेजिंग फाइल बंद केली, तर स्मृतीची कमाल मर्यादा रॅमएवढीच उरते. ती गाठली, की प्रोग्रॅमला जागा नाकारली जाते आणि न जतन केलेले काम जाऊ शकते. शिवाय संगणक निळा पडदा दाखवून बंद पडला, तर त्या क्षणाची नोंद विंडोज सहसा याच फाइलच्या आधारे करते. त्यामुळे फाइल दुसऱ्या डिस्कवर नेली, तरी विंडोजच्या डिस्कवर एक छोटी फाइल ठेवावी.

आणि व्हर्च्युअल मेमरी वाढवून संगणक वेगवान होत नाही. फडताळ मोठे केले म्हणून ओटा रुंद होत नसतो. नेहमीच्या कामातही टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर रॅम कमी पडते आहे. काही लॅपटॉपमध्ये रॅम वाढवण्याची सोय नसते. जिथे ती आहे, तिथे रॅम वाढवणे किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा नव्या संगणकापेक्षा बहुधा स्वस्त उपाय ठरतो. तेव्हा दुरुस्तीवाल्याने ‘आता नवाच घ्या’ म्हटले, की त्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत : यात खरोखर किती डिस्क आहेत, त्यांतली वेगवान कोणती आणि रॅम किती भरते? त्याची उत्तरे मिळाल्याशिवाय पाकिटाला हात घालू नये.