एकाकी ठेका

शाळेच्या वार्षिकांकात अमेरिकन फंक संगीताच्या ध्वनिमुद्रिकेची चर्चा कशास, असा प्रश्न कित्येक पालकांच्या मनात येईल. तथापि स्ली स्टोन यांच्या ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ या नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रिकेवर जो आक्षेप वारंवार घेतला जातो, तो आम्हांस मान्य नाही. आणि संगीताची गोडी असणाऱ्या आमच्या वाचकांनी त्याचा विचार करावा असे वाटते. आक्षेप असा की, तिचा आवाज स्वच्छ नाही. स्वर कांबळ्याआडून यावेत तसे येतात, ध्वनिफितीची खरखर जाणवते, शब्द अर्धवट गिळलेले वाटतात. हे सारे खरे आहे. पण हा दोष नव्हे. या कृतीला जे सांगावयाचे आहे ते याच आवाजात सांगता येण्याजोगे होते, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे जशी सम, तशी फंकमध्ये आवर्तनाची पहिली मात्रा. जेम्स ब्राउन यांनी सारा भार तिच्यावर टाकला. मधल्या मात्रांवर गिटार, ड्रम, ट्रम्पेट आपापले तुकडे गुंफतात आणि सर्वजण पुन्हा पहिल्या मात्रेवर भेटतात. तेव्हा हे मुळात मेळाचे संगीत. एकमेकांचे ऐकत वाजवण्याचे.

स्ली स्टोन यांचा जन्म १९४३ सालचा. कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो गावी ते वाढले, भावंडांसह चर्चमध्ये गायले, संगीतशास्त्र शिकले, रेडिओवर निवेदक झाले. सान फ्रान्सिस्को परिसरात त्यांनी जो मेळ उभारला त्यात काळे व गोरे, स्त्रिया व पुरुष बरोबरीने वाजवीत. त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. ट्रम्पेट सिंथिया रॉबिन्सन यांच्या हाती, तर ड्रम ग्रेग एरिको या गोऱ्या तरुणाच्या. बासगिटार वाजवणारे लॅरी ग्रॅहम यांची हकीकत विद्यार्थ्यांना आवडेल. पूर्वी आईबरोबर वाजवताना साथीला ड्रमवादक नसे; म्हणून ते अंगठ्याने तारांवर आघात करून ती उणीव भरून काढीत. पुढे तीच जगभरच्या बासवादकांची रीत झाली! १९६९ च्या आरंभी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘एव्हरीडे पीपल’ म्हणजे या मेळाचा जाहीरनामाच होय.

आणि दोनच वर्षांत हा मेळ विस्कटू लागला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, व्हिएतनामचे युद्ध चालूच होते, आणि स्ली स्वतः मादक द्रव्यांच्या आहारी गेले होते. एरिको सोडून गेले. मग स्ली यांनी बरीचशी वाद्ये एकट्यानेच वाजवली, फितीवर थरावर थर चढवले, आणि ठेक्यासाठी यंत्र घेतले. आज आपल्या घरोघरी रियाजाला विजेचा तबला असतो. त्यामुळे यंत्राचा ठेका कसा असतो हे आपण जाणतो. तो लय चुकत नाही, परंतु गाणाराकडे कानही देत नाही. ‘फॅमिली अफेअर’ या गीतात नेमके हेच ऐकू येते. एक मूल विद्येत रमणारे, दुसरे हाताबाहेर गेलेले, आणि मातेची माया दोघांवरही. कुटुंबाचे गाणे, पण खाली टकटक करणारे निर्विकार यंत्र. असे हे गीत लखलखीत आवाजात गायले असते तर ते खोटे ठरले असते.

कोणी म्हणेल की व्यसनातूनच ही कला निपजली. हे मत आम्हांस सर्वथा अमान्य आहे. चर्च, अभ्यास व रेडिओ येथे हात आधीच तयार झाला होता. व्यसनाने फक्त सोबती दूर केले आणि पुढची कित्येक वर्षे गिळली.

ज्यांना पारख करावयाची असेल त्यांनी १९७० साली गाजलेले ‘थँक यू’ प्रथम ऐकावे आणि नंतर या मुद्रिकेचे शेवटचे गीत. शब्द बहुतेक तेच; लय मात्र द्रुतातून विलंबितात उतरलेली, थकलेल्या पावलांची.

मुद्रिकेच्या नावाचा अर्थ ‘दंगल चालू आहे’. पण त्या नावाच्या गीताची लांबी शून्य मिनिटे शून्य सेकंद छापली होती. दंगल असूच नये म्हणून तसे केले, असा खुलासा स्ली यांनी पुढे केला. जून २०२५ मध्ये ते निवर्तले. आता नव्या यंत्रांनी ही जुनी फीत धुऊन स्वच्छ करावी असे कोणास वाटले, तर आमची त्यांस विनंती आहे की खरखर तेवढी राहू द्यावी.