चर्चगेटचे गेट कुठे आहे?

आमच्या धर्मग्रामातील कितीतरी मुलेमुली पहाटेची गाडी पकडून मुंबईस नोकरीला जातात. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि पालघर-बोईसर हे मुंबईचे अंगणच झाले. रोज चर्चगेटला उतरणाऱ्या एका तरुणाला मी एकदा विचारले, "बाबा रे, त्या स्थानकाच्या नावातले चर्च कोणते आणि गेट कोणते?" तो क्षणभर थांबला व म्हणाला, "फादर, नावच आहे ते."

एका अख्ख्या किल्ल्याची उरलेली मिळकत म्हणजे हे 'नावच'! सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत गार्सिया द ऑर्ता या वैद्यास मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले. त्याच्या वाड्याभोवती पुढे इंग्रजांनी कॅसल उभारला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी वस्तीभोवती तट बांधला. तटाला तीन दरवाजे होते : अपोलो, चर्च आणि बाजार. त्यातले चर्च म्हणजे १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले अँग्लिकन पंथीयांचे सेंट थॉमस. आपले एस्पेरान्स मातेचे मंदिर तटाबाहेरच्या मैदानात होते. ते १७६० मध्ये पाडण्यात आले आणि भुलेश्वरला नव्याने बांधावे लागले. १८६० नंतर गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तटही जमीनदोस्त झाला, खंदक बुजले, मोकळ्या झालेल्या जागेचे भूखंड पडले. कॅसलचा काही भाग नौदलाच्या आवारात व सेंट जॉर्ज किल्ल्याचा एक तुकडा त्याच नावाच्या रुग्णालयापाशी शिल्लक आहे. बाकीच्यावरून आपली मुले रोज घाईघाईने चालत कचेरी गाठतात.

तट पाडला हे चुकलेच, असे मी म्हणणार नाही. कोंदटलेल्या शहराला हवा आणि वाट हवी होती. माझी तक्रार विस्मरणाविषयी आहे, आणि ती मुंबईकरांपेक्षा आपल्याविषयी अधिक आहे. कारण आता पाया खणण्याची पाळी आपल्या गावांची आहे.

हा विषय काढला की आपल्यातलेच शहाणेसुरते लोक मला बाजूला घेऊन सांगतात, "फादर, ते दगड पोर्तुगीजांचे. उगाच कशाला उकरता? लोक आपल्यालाच पोर्तुगीजांची औलाद म्हणतील." या भीतीची मला कीव येते आणि रागही येतो. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर येथील कोटांचे हुकूम परक्यांनी सोडले असतील. पण दगड कोणी फोडले, चुना कोणी मळला, ओझी कोणाच्या डोक्यावरून गेली? याच किनाऱ्यावरच्या माणसांच्या! त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत. त्यांच्या हातचे काम तेवढे या भिंतींत आहे आणि तेच आपण परक्याचे म्हणून टाकून देत आहो. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या सैन्याने तारापूर घेतले, तेव्हा बाजी भिवराव तेथे धारातीर्थी पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज गेले, आपले पूर्वज इथेच राहिले. ज्या तटावर दोन्ही बाजूंची माणसे मेली, तो एका बाजूची लाज आणि दुसऱ्या बाजूचा केवळ जयस्तंभ कसा होईल?

आपली लाज झाकण्यासाठी इतिहास पुरावा लागत नाही आणि उकरण्यातही हेतू शुद्ध असावा लागतो, हे आपल्या ख्रिस्तसभेने तरी विसरू नये. वर उल्लेखिलेला तो वैद्य ऑर्ता ज्यू कुळातला होता. १५६८ साली तो गोव्यात वारला. बारा वर्षांनी, १५८० साली, धर्मन्यायपीठाने त्याची हाडे थडग्यातून काढून जाळली. आमच्या सेमिनरीत हे कोणी शिकवले नव्हते. मी ते पुढे वाचले आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

पण उकरण्याची दुसरीही रीत आहे. इंग्लंडातील शेफील्ड शहरात एक किल्ला होता. स्कॉटलंडची कॅथलिक राणी मेरी १५७० पासून चौदा वर्षे त्या शहरात कैदेत होती आणि त्यातला बराच काळ या किल्ल्यात गेला. यादवी युद्धानंतर संसदेच्या हुकमाने तो पाडला गेला. पुढे त्या जागेवर कत्तलखाने आले, मग बाजार बसला. २०१५ मध्ये बाजाराची इमारत पाडली, तेव्हा नवे काही बांधण्याआधी २०१८ साली तेथे पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपल्या केळव्यास सुरूच्या बनात वाळूखाली गाडला गेलेला छोटा कोट तरुणांनी श्रमदानाने मोकळा केला. घमेली उचलून वाळू उपसणाऱ्या त्या मुलांनी हा कोट कोणाच्या धर्माचा, असे विचारले नाही. आपल्यापैकी किती जण त्यांच्या मदतीला गेले, हे ज्याचे त्याने आठवावे.

दुसऱ्यांना बोल लावण्यापूर्वी माझा स्वतःचा कबुलीजबाब देतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका गावी मी सहायक धर्मगुरू होतो. तिथे संरक्षक भिंतीचा पाया खणताना घडीव दगडांची एक रांग लागली. त्यातल्या एका दगडावर अक्षरे होती. गवंडी म्हणाला, "फादर, फुकटचा माल आहे." मला काम लवकर उरकायचे होते आणि पैसे थोडे होते. मी मान हलवली. रांग फुटली, दगड पायात गेले आणि अक्षरांचा दगड मोरीची पायरी झाला, अक्षरे खाली करून. त्या दगडाचे चित्र काढायला मला पाच मिनिटेही लागली नसती. आपल्यातलेच डॉ. जोसेफ गेर्सन द कुन्हा यांनी वसईच्या ओसाड मंदिरांतून हिंडून थडग्यांवरचे लेख उतरवून घेतले आणि १८७६ साली ग्रंथरूपाने छापले. त्यांचा व्यवसाय वैद्यकीचा होता. मी तर त्याच भूमीवर रोज मिस्सा अर्पण करीत होतो!

आता वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे आणि बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार आहे. रस्ते, वखारी, इमारती यांसाठी जमीन खणली जाईल. यंत्राचा एक फावडा शंभर गवंड्यांचे काम एका सकाळी मोडतो. सरकारने लक्ष द्यावे, हे म्हणणे सोपे आहे आणि मीही ते म्हणतोच. परंतु आपल्या आवारात सरकार पहाऱ्यास बसणार नाही. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ पासून कायदा सांगतो. हा कायदा आपल्या किती बांधकाम समित्यांनी ऐकला आहे?

आमच्या समितीत मी हा मुद्दा मांडला, तेव्हा एक वडीलधारे सभासद म्हणाले, "काही निघाले आणि काम अडले तर?" प्रश्न रास्त आहे. लग्नसराईच्या आधी सभागृह हवे, हेही मला कळते. तरीही मी अट घातली आहे : पहिले चार फूट यंत्राने नव्हे, कुदळीने खणायचे, घडीव दगड, खापर, नाणे, काहीही लागले तर त्या जागी काम थांबवून फोटो काढायचे, मोजमाप लिहायचे आणि तालुक्याच्या कचेरीत लेखी कळवायचे. कंत्राटदाराने यासाठी आठ दिवसांची मजुरी जादा मागितली आहे. ती रक्कम वर्गणीतून द्यायची की नाही, हे येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ठरेल. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो सर्वांसमक्ष बोलून दाखवावा. आणि त्या जुन्या गावच्या धर्मगुरूंना मी पत्र लिहिले आहे की मोरीची पायरी उचलण्याची परवानगी द्यावी. पहार मी घेऊन येतो.